उचंत खातं

आमच्या शेजारचे मानेसाहेब पावतीशिवाय श्वाससुद्धा घेत नसतील, असं माझी बायको म्हणते. मी तिला दुरुस्त करतो. श्वास ते घेतात. सोडल्याची नोंद ठेवतात.

मानेसाहेब सहकार खात्यात लेखापरीक्षक आहेत. कराड तालुक्यातल्या दूध संस्था, विकास सोसायट्या आणि पतसंस्थांची दप्तरं उलटण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे सगळं जग त्यांना कीर्दीसारखं दिसतं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. भाजीवाल्या मावशीकडून कोथिंबिरीची जुडी घेतली तरी त्यांचा हात पावतीसाठी पुढे होतो. मावशी त्या हातावर कोथिंबिरीची आणखी एक काडी ठेवते. मुलीच्या बारशाला आलेले आहेर त्यांनी डेडस्टॉक रजिस्टरला चढवले होते. त्यातली चांदीची वाटी आजही दरवर्षी एकतीस मार्चला प्रत्यक्ष पडताळणीसाठी कपाटातून बाहेर येते.

साहेब तपासणीला बसले की बोलत नाहीत. व्हाउचर हातात घेतात, चष्मा नाकावर खाली ओढतात आणि डावी भुवई दोन सूत वर उचलतात. बस्स. समोरचा सचिव आपण होऊन बोलू लागतो. न विचारलेलंही सांगून टाकतो. एका दूध संस्थेच्या सचिवानं त्या भुवईपुढे फॅटमधल्या घोळाबरोबर स्वतःचं कॉलेजातलं एक प्रेमप्रकरणही कबूल केलं, असं म्हणतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी आमच्या शिक्षक पतसंस्थेचा मानद सचिव आहे आणि आमचं ऑडिट साहेबांकडेच असतं. घरी ते माझ्याकडचा चहा पितात. संस्थेत पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. त्यांचा सगळ्यात जास्त राग उचंत खात्यावर. पैसे आले, पण कुठून आले ते सापडत नाही, अशा रकमा आम्ही सचिवमंडळी तात्पुरत्या उचंत खात्याला टाकतो. "उचंत म्हणजे आळशी सचिवाची गोधडी," साहेब म्हणतात. "खाली काय काय झाकलंय ते देवालाच ठाऊक."

अशा माणसाच्या डोक्यात अपहार झाला.

२०२३ च्या दिवाळीआधी गल्लीतल्या सलूनमध्ये पिंट्यानं कात्री थांबवली. "साहेब, मागं रुपयाएवढी जागा मोकळी पडलीय."

"जुना रुपया की नवा?"

पिंट्यानं नीट वाकून पाहिलं. "पाचाचा धरा."

साहेबांनी तिथल्या तिथे मोबाइलवर तारखेसकट फोटो काढायला लावला. घरी आईंनी एका नजरेत निकाल दिला. "चाई लागलीया. किडा असतोय त्यो. रातचा येतोय आन् केस कुरतडतोय."

"किडा कुणी पाहिलाय?"

"किडा काय सांगून येतोय व्हय?"

साक्षीदार नसल्यानं साहेबांनी किड्याचं प्रकरण निकाली काढलं. केस मात्र जात राहिले. संक्रांतीपर्यंत एकाच्या पाच चाया झाल्या आणि पुढे त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. सकाळी उठल्यावर उशीवरचे केस मोजून साहेब वहीत 'दैनिक घट' लिहू लागले. पिंट्याशी त्यांचा तात्त्विक वाद झाला तो याच दिवसांत. अर्धंच डोकं कापायचं, तर पैसेही अर्धे. पिंट्याचं म्हणणं, उरलेलं शोधायला वेळ दुप्पट लागतो.

मग उपाय सुरू झाले. आईंनी गुंज उगाळून लावली. कचेरीतल्या शिपायानं कांद्याचा रस सांगितला. त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलाकडे फायली फेकून देत असत. आईंचा पुढचा उपाय होता बिब्बा. तो वहिनींनी हातातून काढून घेतला म्हणून कातडी वाचली. वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं, "याला इंद्रलुप्त म्हणतात." साहेबांनी विचारलं, "इंद्र लुप्त झाला हे ठीक. चार्ज कुणाकडे दिलाय?"

शेवटी त्यांनी गांधी टोपी घेतली. पंचवीस वर्षं ज्यानं कुणाला टोपी घालू दिली नाही, त्यानं ती स्वतःच्या हातानं घातली.

टोपीनं डोकं झाकलं. चेहरा कसा झाकणार? मार्चअखेरीला मिशी गेली, पापण्या गेल्या, आणि एका सकाळी आरशात भुवया नव्हत्या.

पुतण्याच्या लग्नात लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. एका मेहुण्यानं कोपऱ्यात नेऊन हात दाबला, "केमोच्या किती झाल्या?" दुसऱ्यानं वारसनोंदीची चौकशी केली. चार जणांनी घरी फळं पाठवली. साहेबांनी ती सगळी परत केली. मला म्हणाले, "सर, दुखत नाही, खुपत नाही, भूक दणदणीत लागते. लोक सहानुभूती जमा करून जातात. कुठल्या खात्याला घेऊ?" मी हसलो. ते हसले नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. भुवया नसलेल्या माणसाचं काही कळत नाही.

त्या मे महिन्यात आमच्या पतसंस्थेचं ऑडिट होतं. साहेबांनी व्हाउचर हातात घेतलं, चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. भुवई उचलली गेली असणार, पण ती होती कुठे? मी बिनधास्त पुढचं व्हाउचर सरकवलं. दुपारपर्यंत आमचं निम्मं दप्तर पास झालं. कारकुनांनी भजी मागवली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते भुवया घेऊन. कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं आयब्रो पेन्सिलीनं काढून दिल्या होत्या. पोरीचा हात चांगला, पण डावी भुवई जरा वर गेली होती आणि ती खाली येईना. सकाळी दहापासून साहेबांचा प्रत्येक व्हाउचरवर आक्षेप आहे असं दिसत होतं. चहाच्या बिलावर भुवई वर. ज्याच्यात काहीच नाही त्या कोऱ्या पानावरही भुवई वर. आमचा रोखपाल रजेचा अर्ज लिहायला बसला. बाराच्या सुमारास कराडच्या उन्हानं घाम फुटला, साहेबांनी सवयीनं रुमाल फिरवला आणि डावी भुवई गालावर उतरली. रुमालाकडे पाहून त्यांनी तो घडी करून खिशात घातला. "राहिलेलं उद्या बघू," म्हणाले आणि वेळेआधी उठले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

याच सुमाराला ते त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या नियमित दप्तरात दाखल झाले होते. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. किडा नाही, काळजी नाही, शाम्पू नाही. आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी केसाच्या मुळाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती मधमाश्यांचं मोहोळ बसल्यासारखं दिसतं. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं.

"म्हणजे वॉचमननंच तिजोरी फोडली."

"तिजोरी फुटलेली नाही, मानेसाहेब. मूळ जिवंत आहे. वॉचमन दारात आडवा पडलाय, म्हणून केस बाहेर येत नाही."

हे साहेबांना एकदम पटलं. अशा तीन पतसंस्था त्यांना माहीत होत्या.

लहान चाईत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. अख्ख्या डोक्यावर किती टोचणार? मग बाईंनी त्वचेवर मुद्दाम खाज उठवणारं रसायन लावून पाहिलं. तिकडे भांडण लावून दिलं की वॉचमनचं लक्ष उडतं, असा हिशेब. डोकं लाल झालं, साहेब रात्रभर खाजवत बसले. आईंनी कारण विचारलं आणि कळल्यावर कपाळावर हात मारला. "मग माझ्या बिब्ब्यानं काय घोडं मारलं हुतं?"

सहा महिने होत आले आणि बाईंनी पुण्यातल्या एका औषध-चाचणीचा पत्ता दिला. वॉचमनला हुकूम पोचतो तो जॅक नावाच्या प्रथिनांमार्फत. ते रोखणारी ही गोळी. असल्या गोळ्या मुळात संधिवाताच्या. २०१४ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अंगावर केस नसलेल्या, सोरायसिस असलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला संधिवाताची गोळी दिली आणि आठ महिन्यांत त्याला डोकं, भुवया, पापण्या, सगळं परत आलं. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या औषध प्रशासनानं गंभीर चाईसाठी अशी पहिली गोळी मंजूर केली. आता त्याच घराण्यातलं, बाजारात न आलेलं एक नवं औषध तपासायचं होतं.

"सांध्यांची तरतूद केसांवर खर्च," साहेब पुटपुटले. पण गेले.

चाचणीच्या संमतिपत्राची मराठी पानं चोवीस. साहेबांनी ती ताळेबंदासारखी वाचली आणि सतरा आक्षेप काढले. पहिलाच, 'आपले यादृच्छिकपणे वाटप करण्यात येईल.' "माझं वाटप? मी काय रेशनची तूरडाळ आहे?" समन्वयक मुलगी नम्र होती. "काका, चिठ्ठी टाकल्यासारखं आहे ते. कुणाला खरी गोळी, कुणाला बिनऔषधाची. पण यातला एक शब्द बदलायचा तरी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. जुनी प्रत रद्द, नवीन प्रतीवर पुन्हा सगळ्यांच्या सह्या, आणि एक प्रत तुम्हाला."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. आपल्याहून कडक संस्था त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती. त्यांनी आक्षेपांचा कागद घडी करून ठेवला आणि जिथे जिथे सही हवी होती तिथे केली.

पुढे तर त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. डोक्यावरच्या केसगळतीचं मोजमाप करायची पद्धत ठरलेली असते. माथ्याचे ४० टक्के, मागचे २४, दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा. साहेबांनी मनात बेरीज मारली. शंभर. तेरीज जुळली! त्यांची तूट निघाली ९२ टक्के. छत्तीस आठवड्यांत ती वीसच्या आत यायला हवी. उरलेल्या गोळ्यांच्या बाटल्या दर खेपेला परत घेऊन मोजत. एकदा सिस्टरकडून एक गोळी कमी मोजली गेली, तेव्हा साहेबांनीच फेरमोजणी मागितली. एसटीचं भाडं तिकीट दाखवून मिळे. एका खेपेला दहा रुपये जास्त आले, ते त्यांनी परत केले आणि परत केल्याची पावती मागितली. समन्वयक मुलीकडे तशी पावती नव्हती. पुढच्या खेपेला होती.

तपासण्याही भरपूर. क्षयाची, काविळीची, यकृताची, कोलेस्टेरॉलची. वॉचमनला गुंगी दिली की आत लपलेले जुने चोर उठतात. धोक्यांची यादी वहिनींनी वाचली. गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग. पान मिटून म्हणाल्या, "केसांसाठी एवढं? मला तुम्ही असेच चालता की."

"डोक्याचं सोड गं," साहेब म्हणाले. "टोपी आहे. मला भुवई पाहिजे. तिच्याशिवाय मला ऑडिट येत नाही."

वहिनींनी पान पुन्हा उघडून दिलं.

एकच गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. आपल्याला खरी गोळी आहे की नुसती, हे आपल्याला माहीत नाही. सिस्टरला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही.

"मग माहीत कुणाला आहे?"

"कॉम्प्युटरला, काका."

"सर," त्या रात्री ते माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "अध्यक्षाला माहीत नाही, सचिवाला माहीत नाही, सभासदाला माहीत नाही. असं सापडलं की मी आजवर कलम ८३ खाली चौकशी सुचवत आलो. आणि इथे याला शास्त्र म्हणतात."

त्यांनी गुपचूप तपास सुरू केला. नुसत्या गोळीला ते 'बोगस' म्हणत, बोगस सभासद असतो तशी. ओळखीच्या सराफाकडे ताजव्यावर गोळी तोलून घेतली. वजन निघालं, पण ताडून बघायला दुसरी गोळी कुठे होती? ओपीडीत ओढणीनं डोकं झाकलेली एक मुलगी आईबरोबर येई. साहेबांनी तिला हळूच विचारलं, "बाळ, तुझी गोळी कडू लागते का?" समन्वयक मुलीनं ते ऐकलं आणि त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी लेखी समज दिली. ती त्यांनी फायलीला लावली. नियमाप्रमाणे होती.

आठव्या आठवड्यात पहाटे सहाला आमचं दार वाजलं. साहेबांच्या कपाळावर चार आणि हनुवटीवर दोन मुरुम आले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी. चेहरा असा फुललेला मी त्यांच्या बढतीतही पाहिला नव्हता. "सर, खरी आहे! या गोळ्यांनी मुरुम येतात. पान सोळा!" पुण्याला जाताना त्यांनी अर्धा किलो कंदी पेढे नेले. डॉक्टरांनी पेढा खाल्ला, मुरुमांची नोंद दुष्परिणामांत केली आणि म्हणाले, "मुरुम कशानंही येतात, मानेसाहेब. हा पुरावा नाही." साहेबांची मान खाली गेली. हे वाक्य त्यांचंच होतं.

त्यातच २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार दिवसांत मुठीनं गळू लागल्याच्या बातम्या आल्या. रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर संशय घेतला गेला. चाईचा त्याच्याशी संबंध नाही हे बाईंनी सांगेपर्यंत इकडे आईंनी पिठाचा डबा रिकामा करून घरात चपाती बंद केली होती. तीन वेळ ज्वारीची भाकरी. आणि दहाव्या दिवशी साहेबांच्या डाव्या भुवईच्या जागी तीन केस उगवले. पांढरे शुभ्र. ही चाई बहुतेक काळ्या केसांवर दात धरते, त्यामुळे परतणारे आधी पांढरे येतात.

"बघ," आई म्हणाल्या, "गहू सोडला आन् केस आलं."

साहेब भिंग घेऊन आरशापुढे उभे. भाकरी, गोळी की आपोआप? डॉक्टरांनी धीर देण्याऐवजी आकडे दिले. २०२२ साली छापून आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मोठ्या मात्रेवरच्या शंभरातल्या ३६ ते ३९ जणांची तूट छत्तीस आठवड्यांत वीसच्या आत आली होती, पण नुसत्या गोळीवरच्या शंभरातल्या तीन ते सहा जणांचीही आली. "त्या तीन ते सहांत मी नाही कशावरून?" साहेबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते मलाही कळायला मार्ग नाही. सगळ्या केंद्रांवरची चाचणी संपल्यावर पाकीट उघडेल."

छत्तिसाव्या आठवड्यात त्यांची तूट चौदा टक्के निघाली. यापुढे सगळ्यांना खरीच गोळी मिळणार होती. बंद केली तर केस पुन्हा जाऊ शकतात, हेही सांगितलं गेलं. "म्हणजे ही मुदत ठेव नव्हे," साहेब म्हणाले. "चालू खातं."

पुण्याहून ते थेट पिंट्याकडे गेले. टोपी काढून खुर्चीत बसले. पिंट्यानं काळ्यापांढऱ्या केसांतून बोटं फिरवली, काही बोलला नाही, आणि दीड वर्षांनी त्यांच्या मानेवर पाणी मारलं. शेवटी साहेबांनी हात पुढे केला. "पावती?" पिंट्यानं कॅलेंडरचं मागचं पान फाडून लिहिलं, 'केस कापले. ८० रु. पूर्ण डोकं.' ती पावती मी पाहिली आहे. संमतिपत्राच्या चोवीस पानांवर पंचविसावी म्हणून टाचली आहे.

आणि मग आमचं ऑडिट आलं. साहेब टेबलाशी बसले, बाटलीतलं पाणी प्याले, चष्मा खाली ओढला. डावी भुवई अर्धी काळी, अर्धी पांढरी, पण पुरी दोन सूत वर गेली. रोखपालानं घाम पुसला. मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

बोट एका ओळीवर थांबलं होतं. उचंत खातं, जमा ३१२ रुपये.

"कुठून आले?"

गोधडीखालचं माझं पाप उघडं पडलं होतं. "सगळी दप्तरं पाहिली, साहेब. खरंच सापडत नाही. आलेत एवढं नक्की."

साहेबांचा हात डोक्याकडे गेला. कानामागच्या नव्या केसांवरून बोट सावकाश मागेपुढे फिरलं.

"किती महिने झाले?"

"आठ."

"माझे नऊ," साहेब म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.